पावसाळी ट्रेकसाठी सेकंडहँड पेंटॅक्स के-५ घ्यावा का? वेदर सीलिंग खरंच कामाचं असतं का?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरायला लहान, वेदर सील्ड (म्हणजे सांध्यांना रबर लावून पाणी अडवणारा) डीएसएलआर हवाय, जुना पेंटॅक्स के-५ मिळतोय, तो घ्यावा का? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "की सीलिंग वगैरे नुसती जाहिरात असते?" पहिल्या भागापुरता प्रश्न असता तर मी वाचून पुढे गेलो असतो. पण ते शेवटचं वाक्य माझ्या सख्ख्या भावाचं आहे. अगदी याच शब्दांत मी ते गेली कित्येक वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

जाहिरात नसते.

मी के-५ २०११ साली घेतला. मेहुणा सिंगापूरहून येणार होता, त्याच्याकडून मागवला, सोबत १८-५५ डब्ल्यूआर (वेदर रेझिस्टंट, म्हणजे सील असलेली) लेन्स. दोन महिन्यांचा पगार त्यात गेला. घरी आल्यावर दादानं कॅमेरा हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि परत देताना म्हणाला, "खेळण्यासारखा आहे रे." दादाचा जुन्नरमध्ये फोटो स्टुडिओ आहे, आमच्या अण्णांनी सुरू केलेला. लग्नं, मुंजी, साखरपुडे, सगळा सीझन त्याचा हात रिकामा नसतो. मी बँकेत. त्यामुळे फोटोतलं कळतं ते दादाला आणि मी हौशी, हे घरात कधीच ठरून गेलेलं. त्याच वर्षी पेंटॅक्स रिकोकडे गेली. ती बातमीही मला दादानंच ऐकवली, "तुझी कंपनी विकली गेली बघ. आता पार्ट कुठून आणशील?"

खेळण्यासारखा म्हणजे लहान. लहान आहेच, आणि मी तो त्यासाठीच घेतला. रुंदी १३१ मिलिमीटर, उंची ९७, बॅटरी आणि कार्ड धरून ७४० ग्रॅम. पण एकदा मुठीत धरून बघा. आत स्टीलची चौकट, वर मॅग्नेशियमचं कवच, आणि बटणं, चकत्या, दारं, सांधे मिळून ७७ सील. दादाचा कॅमेरा लेन्ससकट दोन किलोच्या घरात जायचा. तो लग्नाच्या हॉलमध्ये ठीक आहे. जीवधन किल्ल्याच्या पायऱ्या चढताना नाही.

आता नाणेघाट.

२०१३च्या जुलैत दादाला एका पतसंस्थेच्या कॅलेंडरचं काम मिळालं होतं. जुलैच्या पानावर त्यांना नाणेघाटातला उलटा धबधबा हवा होता. मी रजा टाकून सोबत गेलो, ठरल्याप्रमाणे छत्री धरायला. घाटघर सोडलं तेव्हा शेजारचा जीवधनही दिसत नव्हता, इतकं ढग खाली आले होते. जकातीच्या दगडी रांजणाच्या बरंच अलीकडे गाडी लावली आणि चालत कड्याकडे निघालो.

तिथे भर पावसात जे गेलेत त्यांना सांगायला नको. ओढा कड्यावरून खाली पडायला जातो आणि कोकणातून कडा चढून येणारा वारा त्याला उचलून परत माथ्यावर फेकतो. पाऊस वरून आणि धबधबा खालून. दादानं कॅमेऱ्याला नेहमीची प्लास्टिकची पिशवी बांधली होती, लेन्सपुढे रबरबँड आणि खालची बाजू हात घालायला मोकळी. मांडवात अवकाळी सर आली तर ती पुरते. इथे पाणी खालून पिशवीत शिरलं, आणि पिशवीनं ते आतल्या आत धरून ठेवलं. दहाएक मिनिटांत कॅमेऱ्याचा स्क्रीन लुकलुकला आणि काळा झाला. बॅटरी काढली, पुसली, घातली. काही नाही. दादाचा तेव्हाचा चेहरा मला अजून आठवतो. काम अंगावर घेतलेलं, कॅमेऱ्याचे हप्ते चालू, आणि दुसरी बॉडी स्टुडिओत.

माझी छत्री केव्हाच उलटी होऊन मोडली होती. के-५ जर्किनच्या आत होता, तो बाहेर काढला. ना पिशवी, ना टॉवेल. आयएसओ ८००, एफ/५.६, सेकंदाचा पाचशेवा भाग, कारण वर उडणारे थेंब थांबलेले हवे होते. खरा त्रास पुढच्या काचेचा. कॅमेरा दरीकडे रोखला की तुषार हूडमध्ये शिरायचे आणि वर उचलला की ते पाणी काचेवर वाटीत साचावं तसं साचायचं. मग झटकायचं, बनियनच्या कोरड्या टोकानं काच टिपायची, दोन-तीन फोटो काढायचे, परत झटकायचं. तासभर हेच. व्ह्यूफाइंडरवर श्वासाची वाफ धरत होती, तीही पुसत होतो. बोटं पांढरी पडली. शटरचा तो दबका आवाज मात्र प्रत्येक वेळी येत राहिला.

गाडीत बसल्यावर मी स्वतःचं डोकं पुसायच्या आधी कॅमेरा पुसला आणि बॅटरीचं दार उघडलं. दाराच्या कडेनं काळ्या रबराची बारीक वळी असते. तिच्या बाहेरच्या अंगाला पाण्याची रेघ होती, सलग, वळीबरोबर कोपऱ्याकोपऱ्यांत वळलेली. आतल्या अंगाला काही नाही. बॅटरी कोरडी, तिच्यावरचा कागद कोरडा. कार्डाचं दारही तसंच. ती रेघ मी दादापुढे धरली. त्यानं पाहिली आणि म्हणाला, "नशीब तुझं."

माझं आजही म्हणणं आहे, नशिबाचा त्यात काही संबंध नव्हता. कुणीतरी कारखान्यात बसून त्या दाराला रबर लावलं होतं, त्याचं ते काम होतं.

कॅलेंडर छापून आलं. जुलैच्या पानावर माझा फोटो, खाली स्टुडिओचं नाव. दादानं पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत, कारण मला पैसे नको होते. त्यानं माझं नाव द्यायचं होतं, किंवा ते जमत नव्हतं तर निदान चारचौघांत एकदा म्हणायचं होतं की त्या दिवशी काम त्या लहान कॅमेऱ्यानं तारलं. ते त्यानं कधीच म्हटलं नाही. अजूनही स्टुडिओत कुणी सीलिंगबद्दल विचारलं की तो सांगतो, जाहिरात असते सगळी, पिशवी नीट बांधता आली पाहिजे.

पिशवीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पिशवी बांधली की बटणं दिसत नाहीत, चकत्या फिरत नाहीत, आत वाफ धरते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती बांधायचा कंटाळा येतो म्हणून कॅमेरा बॅगेतून निघतच नाही. पावसाळ्यातला चांगला उजेड दोन मिनिटांचा असतो. ढग फाटतो, समोरचा डोंगर दिसतो, परत मिटतो. त्या दोन मिनिटांत कॅमेरा गळ्यात असायला हवा, आणि तो गळ्यात राहायचा तर लहान हवा आणि भिजला तरी चालणारा हवा. याच दोन गोष्टींसाठी मी पैसे मोजले आणि त्या मला मिळाल्या.

बाकी गुण थोडक्यात. सेन्सर १६ मेगापिक्सेलचा, निकॉन डी७०००मध्ये होता त्याच पिढीचा, सोनीचा. रॉ, म्हणजे कच्ची फाइल, काढलीत तर अंधारलेला भाग दोन-तीन स्टॉप (दर स्टॉपला उजेड दुप्पट) सहज उचलता येतो, आणि काळा कातळ व पांढरं धुकं एका चौकटीत असताना तेच लागतं. व्ह्यूफाइंडर शंभर टक्के चौकट दाखवणारा, खऱ्या काचेच्या पेंटाप्रिझमचा. हाताचा थरथराट सावरणारं शेक रिडक्शन बॉडीत आहे, त्यामुळे जुन्यातली जुनी लेन्सही स्थिर होते. लेन्स जिथे बसते तो के माउंट १९७५चा, आणि तेव्हाची लेन्स आजही बसते. अण्णांच्या के१००० या जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरची ५०एमएम एफ/२ मी याच कॅमेऱ्यावर वापरतो. कॅमेरा चालू केला की तो फोकल लेंग्थ विचारतो, ५० भरायचे, एम मोड लावायचा, हिरवं बटण दाबायचं, शटर स्पीड तो स्वतः लावतो. मेनूमध्ये अॅपर्चर रिंगची परवानगी आधी देऊन ठेवा, नाहीतर शटर उघडणारच नाही. त्या लेन्सनं अण्णांनी आम्हा दोघांचे बालवाडीतले फोटो काढले होते. दादाला ती नको होती, त्याच्या कॅमेऱ्याला बसत नव्हती.

पण ती लेन्स मी पावसात लावत नाही. इथेच बहुतेक जण फसतात. बॉडी सील्ड आणि लेन्स साधी असली तर सगळा खर्च वाया, पाणी माउंटमधूनच आत जातं. लेन्सच्या नावात डब्ल्यूआर किंवा एडब्ल्यू हवं, किंवा ती पेंटॅक्सच्या डीए स्टार मालिकेतली हवी. डीए ३५ एफ/२.४ आणि डीए ५० एफ/१.८ स्वस्त आहेत, सुंदर आहेत, सील्ड नाहीत. फिरतीला एकच लेन्स न्यायची तर १८-१३५ डब्ल्यूआर.

कुणासाठी नाही, तेही सांगतो. उडते पक्षी हा मुख्य विषय असेल तर घेऊ नका, ११ फोकस पॉइंट आहेत आणि धावत्या गोष्टीचा पाठलाग हा या कॅमेऱ्याचा प्रांत नव्हे. व्हिडिओसाठीही नाही. लेन्स आपल्याकडे दुकानात सहज दिसत नाहीत, ओळखीपाळखीतून शोधाव्या लागतात. पार्टबद्दल दादा जे म्हणाला होता त्यात तेवढं तथ्य आहे, मी नाकारत नाही. मात्र कंपनी बुडणार होती ती काही बुडाली नाही. २०२१मध्ये के-३ मार्क थ्री आला, तोही डीएसएलआरच. तोवर दादाच्या दोन्ही आवडत्या कंपन्या आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्या होत्या.

आणि हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. तुम्हाला मिळतोय तो के-५ २०१०चं मॉडेल आहे. सील म्हणजे शेवटी रबर, वयानं कडक होतं. आधीच्या मालकानं तो कसा ठेवला हे तुम्हाला ठाऊक नाही. मी स्वतः माझा कॅमेरा गेले दोन पावसाळे मुसळधारेत नेत नाही, भुरभुर असेल तरच काढतो. म्हणून, भर पावसातच वापरायचा असेल आणि थोडं बजेट वाढवता येत असेल तर २०१६चा के-७० किंवा २०१७चा केपी शोधा. दोन्ही लहान, दोन्ही सील्ड, दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. केपी दिसला तर सोडू नका.

के-५च घ्यायचा ठरला तर प्रत्यक्ष जाऊन बघा. बॅटरीचं आणि कार्डाचं दार उघडून रबराच्या वळीवरून नख फिरवा. मऊ, सलग लागली पाहिजे. चीर असेल किंवा कोपऱ्यात सुटलेली असेल तर तो कोरड्या दिवसांचा कॅमेरा समजून भाव करा. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बुरशी बघा, कोकणातून आलेली असेल तर दोनदा बघा. पावसातून आल्यावर गाडीचा एसी लावू नका, आणि लेन्स घरी जाऊन, कॅमेरा पूर्ण सुकल्यावरच काढा. विकणाऱ्याला आजच विचारा, सोबतची १८-५५ डब्ल्यूआर आहे की साधी. दिसायला दोन्ही सारख्याच. माउंटच्या कडेला रबरी कडं आहे का, त्याचा जवळून फोटो मागवा.