इंदुरात बुटकं टॅक्सोडियम लावताना

इंदुरात लार्च, म्हणजे हिवाळ्यात पानं गाळणारं सूचिपर्णी (सुईसारख्या पानांचं) झाड, लावायचा हट्ट असेल, तर तो आधी सोडा. थंड डोंगरातलं झाड ते, माळव्याचा मे महिना त्याला झेपणार नाही. पानगळ होणारंच सूचिपर्णी हवं असेल, तर टॅक्सोडियम डिस्टिकमचा बुटका वाण शोधा. मूळचं अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या दलदलीतलं, त्यामुळे उकाडा आणि साचलेलं पाणी दोन्ही सोसतं.

कलमी रोपच मागा. बियांचं रोप ‘बुटकं’ म्हणून गळ्यात मारलं, तर ते पुढे 30 मीटरही चढेल. कलमाच्या जोडाखालून फूट आली की लगेच खुडा, नाहीतर खुंटच (ज्यावर कलम बांधलंय ते खालचं रोप) वाढत राहतो.

पहिल्या उन्हाळ्यात फक्त दोन गोष्टी सांभाळा:

- माती सुकू देऊ नका. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा जाड थर द्या, पण खोडाला टेकवू नका.
- आपल्या काळ्या मातीत बऱ्याच ठिकाणी चुनखडी असते, तिथे पानं पिवळी पडतात. म्हणून राख, चुना अजिबात नको. कुजलेलं पानखत भरपूर घाला.

सगळ्यात जास्त झाडं जातात ती हिवाळ्यात, आणि तीही माणसांच्या हातून. पानं विटकरी होतात, बारीक डहाळ्यांसकट गळतात, आणि लोक झाड मेलं समजून उपटतात. घाई करू नका! नखाने साल जराशी खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं, तर झाड झोपलंय. तेव्हा खत बंद, पाणी बेताचं.

छाटणीचं नंतर बघू, आधी ते रुजू द्या.