वाचक विचारतात : सात देश की एक गाव?

प्रश्न : आमच्याकडचे काही जण दहा दिवसांत युरोपातले सात देश करून आले. फोटो ढीगभर दाखवतात. पण काय पाहिलं म्हटलं की 'स्वच्छता लई' यापुढं गाडी जात नाही. आम्ही दोघं नवरा-बायको पुढच्या वर्षी जायचं म्हणतोय. एवढा पैसा घालून माणसाची नजर खरंच मोठी होते का? (एक शेतकरी वाचक, गेवराई, जि. बीड)

उत्तर : होते, पण सात देशांच्या सहलीत ते अवघड. पॅरिसहून स्वित्झर्लंडमधलं लुसर्न रस्त्यानं सहाशे किलोमीटरच्या आसपास. चहा-जेवणाचे थांबे धरले की दिवस बसमध्येच संपला. हॉटेल गावाबाहेर, ताटात पोळी-भाजी, शेजारी आपलीच माणसं. तिथल्या माणसाशी बोलायची वेळ येणार कधी?

त्या बसमध्येही बघण्यासारखी एक गोष्ट असते, तिच्यावर लोक नुसतेच चिडतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते. दिवसभरात नऊ तासांच्या वर गाडी चालवता येत नाही; आठवड्यातून दोनदा फार तर दहा. गाडीतलं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. म्हणजे ड्रायव्हर आडमुठा नसतो, कायदा तसा आहे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जाणाऱ्यानं त्या पाऊण तासात याचा जरूर विचार करावा.

तुम्ही शेतकरी आहात, तर पाण्याच्या मागानं जा. स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी १२ वाजता मोठ्या चर्चच्या दारात पाण्याचं न्यायालय बसतं. आठ कालव्यांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले शेतकरीच तिथं न्यायनिवाडा करतात. पाळी सोडून पाणी घेतलं, चारी साफ केली नाही, दुसऱ्याच्या रानात पाणी घातलं, असले तंटे. वकील नाही, सगळं तोंडी, निकाल तिथल्या तिथं आणि त्यावर अपील नाही. शेकडो वर्षांची ही रीत २००९ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. तक्रार नसेल तर बैठक पाच-दहा मिनिटांत उठते, तेव्हा साडेअकरालाच जाऊन उभे राहा आणि पुढचे दोन दिवस शहराबाहेरच्या भाजीपाल्याच्या मळ्यांसाठी ठेवा. जायकवाडीच्या कालव्याचं पाणी टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, रानाला का पोचत नाही, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. म्हणूनच तिथं काय विचारायचं ते तुम्हाला सुचेल. दुसऱ्या पर्यटकाला सुचणार नाही. पाण्याची पाळी सांभाळणारा पाटकरी कोण नेमतो? त्याचा पगार कोण देतो? दंड भरला नाही तर काय? प्रश्न आधी स्पॅनिशमध्ये लिहून घ्या, फोनवरचं भाषांतर कामापुरतं चालतं.

शेतकऱ्याचा व्हिसा अडतो तो कागदावर. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे अनेकांकडे आयकर विवरणपत्रच नसतं. मग सातबारा, आठ-अ, बाजार समितीच्या मालविक्रीच्या पट्ट्या, कारखान्याची ऊसबिलं यांचं इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि उत्पन्न कुठून, कोणत्या महिन्यात येतं, हे सांगणारं एक पानी पत्र सोबत जोडा. अर्जाच्या आठवडाभर आधी पाव्हण्याकडून दोन-तीन लाख उसने घेऊन खात्यात टाकणं हा सगळ्यात नडणारा उद्योग. एकदम आलेली रक्कम लगेच डोळ्यात भरते. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो. परतीच्या तारखेनंतर पासपोर्टची तीन महिने तरी मुदत हवी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका.

प्रश्न : मुलगा मस्कतला नोकरीला आहे. महिनाभर बोलावतोय. मॉल आणि समुद्र बघून झाल्यावर आम्ही म्हाताऱ्यांनी करायचं काय? (निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई)

उत्तर : जाण्याआधी एक दिवस छत्रपती संभाजीनगरात काढा. पाणचक्की बघा, नहर-ए-अंबरीची माहिती करून घ्या. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर इथं सत्तेवर आला आणि सतराव्या शतकात त्यानं जमिनीखालून, नुसत्या उतारावर, शहरात पाणी आणलं.

मग मुलाला निझवाला न्यायला सांगा. मस्कतहून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. तिथं याच जातीचे भूमिगत पाट आजही वाहतात, त्यांना 'फलज' म्हणतात. दारिस हा मोठा फलज निझवातच आहे, खतमैन जवळच्या बिरकत अल मौझमध्ये. ओमानचे असे पाच फलज २००६ पासून जागतिक वारशात आहेत. पाणी उघड्यावर आलं की आधी पिण्याला, मग मशीद आणि अंघोळीच्या जागा, शेवटी खजुराच्या बागा. बागेचा वाटा लिटरवर नसतो, वेळेवर असतो. अर्ध्या तासाच्या एका वाट्याला 'अथर' म्हणतात. दिवसा काठीची सावली आणि रात्री तारे बघून तो मोजायची जुनी पद्धत. टँकरच्या रांगेत घागरी लावलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

शुक्रवारी सकाळी सात वाजता निझवात शेळ्यांचा बाजार भरतो. मालक जनावराला गोल फिरवतो, गिऱ्हाईक कडेनं बसून बोली लावतं. आठवडी बाजारात वाढलेल्या माणसाला तिथं दुभाष्या लागायचा नाही. नऊ-दहापर्यंत सगळं आवरतं, म्हणून मुक्काम आदल्या रात्रीच करा. जाणं ऑक्टोबर ते मार्चमध्ये. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर.

प्रश्न : आईला पहिल्यांदाच दुबईला बहिणीकडं पाठवतोय. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी आहे, चालेल का? सोबत काय देऊ नये? (वाचक, परभणी)

उत्तर : दुबई ज्या देशात आहे त्या यूएईच्या पर्यटक व्हिसाला एकेरी नाव अडचणीचं ठरतं. आधी आडनाव लावून पासपोर्ट पुन्हा काढा (३६ पानी, साधी फी १,५०० रुपये), तिकीट नंतर. तिकिटावरचं नाव पासपोर्टबरहुकूम हवं, आधारवरचं नव्हे.

बीपी-शुगरच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत द्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि ट्रामाडोलच्या वेदनाशामक गोळ्या परवानगीशिवाय नकोत. विम्याच्या अर्जात बीपी-शुगर लपवू नका, नेमका त्याच कारणानं दावा फेटाळला जातो. आणि अनारसे देऊ नका. यूएईत खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे. घरच्या काळ्या मसाल्यात ती घातली असेल, तर तो डबाही घरीच ठेवा. शेंगदाण्याची चटणी खुशाल द्या.