प्रायमल स्क्रीम डान्स क्लबांत पोचले ते ड्रग्जमुळेच का?

प्रश्न असा, की प्रायमल स्क्रीमसारखा गिटारवाला बँड १९९० च्या सुमारास ब्रिटनच्या डान्स क्लबांत कसा शिरला आणि ती सगळी एक्स्टसी या नशेच्या गोळीची कृपा होती का. ‘नशा होती म्हणून चाललं’ हे रॉकवाल्यांचं पालुपद मी वर्षानुवर्षं ऐकतोय. मला ते साफ अमान्य आहे.

त्यांना क्लबांत नेणारं ‘लोडेड’ कसं झालं ते बघा. ते त्यांच्याच एका जुन्या गाण्याचं रीमिक्स. मूळ गाणं १९८९ च्या अल्बममधलं, संथ आणि रडवेलं. रीमिक्स करणारा अँड्र्यू वेदरॉल हा डीजे. स्टुडिओकाम त्याला नवीनच. पहिलं मिक्स त्याने फार जपून केलं, तेव्हा बँडचा गिटारिस्ट अँड्र्यू इनेसनेच सांगितलं, पार मोडतोड कर. मग मूळ गायन जवळजवळ सगळं गेलं. ब्रास आणि गिटारचे तुकडे राहिले, खाली ईडी ब्रिकेलच्या गाण्याच्या एका बूटलेग (विनापरवाना) मिक्समधला ड्रम लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा ड्रमचा तुकडा, आला आणि सुरुवातीला १९६६ च्या ‘द वाइल्ड एंजल्स’ या सिनेमातला नट पीटर फोंडाचा संवाद. सात मिनिटांचं हे गाणं ब्रिटिश चार्टवर १६ व्या क्रमांकापर्यंत चढलं.

खरी चावी तो लूप. माणूस ड्रम वाजवतो तेव्हा कोरसला लय किंचित चढते, नंतर उतरते. टेक्निक्स १२०० या डीजेंच्या टर्नटेबलवर वेग बदलणाऱ्या पिच स्लायडरने डीजेला आठ टक्के वर-खाली एवढीच मुभा. त्यात दोन रेकॉर्डी जुळवल्या तरी लय हलली की ठेके एकमेकांवर आपटतात आणि फ्लोअर रिकामा होतो. लूपची लय हलत नाही.

एक्स्टसीचा संबंधच नव्हता असं मात्र नाही. तासन्‌तास नाचणाऱ्या गर्दीला लांब, तेच ते वाजणारं संगीत हवं होतं. पण मँचेस्टरच्या हॅसिएंडा क्लबात लोक दारूऐवजी पाणी पीत, त्यामुळे क्लब भरूनही बारचा गल्ला भरेना. १९८९ मध्ये तिथे गोळी घेतलेल्या १६ वर्षांच्या मुलीचा जीव गेला. हॅपी मंडेज हा बँडही मँचेस्टरचाच. १९९२ चा अल्बम करायला बार्बाडोसला गेले आणि गायक शॉन रायडर क्रॅक कोकेनमध्ये बुडाला. त्याच वर्षी त्यांची फॅक्टरी ही रेकॉर्ड कंपनी दिवाळखोरीत गेली. ही कसली कृपा?

तुमचा बँड असेल तर क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) रेकॉर्ड करा, सुरुवातीच्या बत्तीस मात्रा नुसते ड्रम ठेवा, आणि डीजेला तयार मिक्सऐवजी प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक द्या. त्याने तुमचा आवडता सोलो कापला तर कापू द्या.