वेल्समधील बाला या लहानशा गावाचा इतिहास काय आहे आणि ख्रिस्ती परंपरेत त्याला एवढे महत्त्व का दिले जाते?

बाला हे उत्तर वेल्समधील जेमतेम दोन हजार वस्तीचे गाव आहे. येथे ना भव्य कॅथेड्रल आहे, ना जुन्या मठाचे अवशेष. मग ख्रिस्ती इतिहासात त्याचा उल्लेख वारंवार का होतो, हा आपला प्रश्न अगदी रास्त आहे. माझ्या मते त्याचे उत्तर एकाच गोष्टीत आहे: कष्टकरी माणसाला आपल्या मातृभाषेत बायबल वाचता यावे, यासाठी या गावातून जे काम झाले, त्याला तोड नाही.

गाव वसले ते चौदाव्या शतकाच्या आरंभी, लिन टेगिड या वेल्समधील सर्वांत मोठ्या नैसर्गिक सरोवराच्या काठी. अठराव्या शतकात येथील लोकरीचे विणलेले मोजे प्रसिद्ध होते आणि बायका-पुरुष दोघेही विणकाम करीत. धार्मिक जागृतीचे स्वागत मात्र गावाने प्रथम दगडांनी केले. १७४१ मध्ये मेथडिस्ट, म्हणजे अँग्लिकन चर्चमधूनच उगवलेल्या धर्मजागृतीच्या चळवळीचे, प्रचारक हॉवेल हॅरिस येथे आले, तेव्हा जमावाने त्यांना बेदम मारहाण केली.

चित्र पालटले ते थॉमस चार्ल्स यांच्यामुळे. ऑक्सफर्डमध्ये शिकलेले हे धर्मोपदेशक १७८३ मध्ये बालातील सॅली जोन्स यांच्याशी विवाह करून येथे स्थायिक झाले आणि त्यांनी फिरत्या शाळा सुरू केल्या. शिक्षकाने एखाद्या खेड्यात काही महिने मुक्काम करावा, मुलांना वेल्श वाचायला शिकवावे आणि मग पुढच्या खेड्याची वाट धरावी, अशी ही पद्धत होती. मागे राहिलेल्यांचा अभ्यास रविवारच्या शाळांनी चालू ठेवला आणि विशेष म्हणजे त्या शाळांत मुलांच्या बरोबरीने प्रौढही बसत.

वाचक वाढले, पण पुस्तके पुरेनात. डोंगरापलीकडच्या एका खेड्यातील मेरी जोन्स ही पंधरा वर्षांची विणकराची मुलगी १८०० साली, वर्षानुवर्षे साठवलेले पैसे घेऊन, सुमारे ४० किलोमीटर अनवाणी चालत चार्ल्स यांच्याकडे बायबल विकत घ्यायला आली, ती याच टंचाईच्या काळात. तिची ती प्रत आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे आणि हे बायबल आपण वयाच्या सोळाव्या वर्षात (म्हणजे पंधरा पूर्ण झाल्यावर) विकत घेतले, अशी तिने स्वहस्ते केलेली नोंद त्यात वाचता येते. ही कथा मलाही अतिशय प्रिय आहे. तथापि तिच्या झगमगाटात त्या फिरत्या शाळा झाकोळल्या जातात, याची खंत वाटते, कारण मेरीला वाचता येत होते ते अशाच शाळेमुळे.

डिसेंबर १८०२ मध्ये लंडनच्या एका बैठकीत चार्ल्स यांनी वेल्श बायबलांची मागणी मांडली, तेव्हा वेल्ससाठी करायचे तर साऱ्या जगासाठी का नको, असा विचार जोसेफ ह्यूज यांनी पुढे केला. त्यातूनच १८०४ मध्ये ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटी स्थापन झाली आणि १८१३ मध्ये आपल्या मुंबईतही तिची शाखा निघाली. इकडे बालात १८११ साली चार्ल्स यांनी, बऱ्याच काळाच्या अनिच्छेनंतर, मेथडिस्ट प्रचारकांना स्वतःच धर्मगुरुपदाची दीक्षा दिली आणि वेल्श मेथडिस्ट अँग्लिकन चर्चपासून वेगळे झाले. १८१४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर सरोवराकाठच्या लानिकिल येथील संत ब्यूनो यांच्या चर्चच्या आवारात असून, त्या चर्चमध्ये २०१४ साली मेरी जोन्सची कथा सांगणारे प्रदर्शन सुरू झाले.

भारताशी असलेला दुवा आणखी थेट आहे. १८३७ मध्ये बालात सुरू झालेल्या धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात शिकलेले थॉमस जोन्स १८४१ मध्ये चेरापुंजीला पोहोचले आणि त्यांनी खासी भाषेला रोमन लिपी दिली. खासी वर्णमालेत 'ग'च्या अक्षरानंतर लगेच 'ङ' या उच्चाराचे जोडाक्षर येते, ते वेल्श वर्णमालेतही नेमके त्याच जागी आहे.