रिफ्रेश करूनही जुनीच किंमत का दिसते?

प्रश्न : आमच्या प्रणालीत हायबरनेट (जावा प्रोग्रॅममधील ऑब्जेक्ट डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) आणि मायएसक्यूएल डेटाबेस आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमने एका वस्तूची किंमत 80 वरून 95 रुपये केली, तरी चालू सेशनमध्ये (हायबरनेटच्या डेटाबेसशी चाललेल्या कामाच्या सत्रात) पुन्हा क्वेरी चालवल्यावर 80 रुपयेच दिसतात. असे का होते?

उत्तर : हायबरनेटचे सेशन प्रत्येक प्रायमरी कीसाठी, म्हणजे टेबलातील ओळीच्या ओळख क्रमांकासाठी, एकच ऑब्जेक्ट सांभाळते, त्यामुळे क्वेरीने डेटाबेसमधून नवी किंमत आणली, तरी ते ऑब्जेक्ट आधीच लोड झालेले असल्यास तुमच्या हाती जुन्या मूल्यांसह तेच पडते. ते ऑब्जेक्ट डेटाबेसमधून पुन्हा भरण्यासाठी रिफ्रेश मेथड आहे, मात्र तिने त्या ऑब्जेक्टमधील डेटाबेसकडे न पाठवलेले बदल पुसले जातात, हे कृपया विसरू नये. शिवाय इनोडीबीची (मायएसक्यूएलचे डेटा साठवणारे इंजिन) डीफॉल्ट आयसोलेशन पातळी, म्हणजे इतरांचे बदल कितपत दिसावेत याचा नियम, रिपीटेबल रीड असल्याने, त्याच ट्रान्झॅक्शनमधील (एकत्र पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कामांच्या गटातील) साध्या रिफ्रेशलाही पहिल्या वाचनाच्या वेळचीच स्थिती दिसते आणि 80 रुपये तसेच राहतात. अशा वेळी पेसिमिस्टिक राइट लॉकसह (ती ओळ इतरांना बदलता येऊ नये म्हणून कुलूप लावून ताजी स्थिती वाचणे) रिफ्रेश करावे, किंवा नव्या ट्रान्झॅक्शनमध्ये नवे सेशन उघडावे. माझ्या मते यातला दुसरा, म्हणजे नव्या सेशनचा, मार्गच अधिक चांगला. जागोजागी रिफ्रेश पेरण्यापेक्षा सेशन अल्पायुषी ठेवावे आणि टेबलात व्हर्जनचा कॉलम (प्रत्येक बदलागणिक वाढणारा आकडा) घालावा, म्हणजे मधेच कोणी बदल केल्यास सेव्ह करताना ते कळते. मात्र किंमत बदलणाऱ्या त्या दुसऱ्या प्रोग्रॅमनेही तो कॉलम वाढवला पाहिजे.