वाकळ शिवताना आधी काय ठरवायचं, कापड की नक्षी?

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच गोधडी शिवायला घेताय. आईच्या साड्या आणि वडिलांचे शर्ट जपून ठेवलेत, पण नेटवरची डिझाइन्स बघून काही सुचेना झालंय. आधी डिझाइन ठरवायचं की कापड, आणि आईच्या जरीच्या, सिल्कच्या साड्या त्यात घ्यायच्या का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

मी साताऱ्यात राहते, लोकांच्या घरच्या कापडाच्या वाकळा शिवून देते. आमच्याकडे गोधडीला वाकळच म्हणतात. माझं उत्तर सरळ आहे: आधी कापड. आणि त्याच्याही आधी, ती कोण पांघरणार आणि कुठे वाळत घालणार, ते ठरवा. नक्षी या दोन्हींच्या मागून येते.

वाळत घालण्याचं एवढं का सांगते? आमच्या एकाच जिल्ह्यात दोन तऱ्हा आहेत. माण-खटावकडे ऊन कडक आणि हिवाळ्यातली रात्र बोचरी. तिकडे पाच-सहा थरांची जाड वाकळ चालते, धुतली तरी एका दिवसात खडखडीत वाळते. पाटण, महाबळेश्वर, कोयनेकडे पावसाळ्यात ऊन असं दिसतच नाही. तिथे जाड वाकळ आतून ओलसर राहते, कुबट वास धरते, काळे ठिपके पडतात. तिकडच्या माणसाला मी तीन थरांच्या वर शिवून देत नाही. थंडी वाजली तर दोन घ्या म्हणते. पूर्वी वर्षाचं मोठं धुणं घट बसायच्या आधी, दसरा काढताना व्हायचं. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन दगडावर आपटून धुवायचे. आता तुमची वाकळ मशीनमध्ये जाणार असेल तर तिचं वजनही बघा. सुकी दोन किलोची वाकळ भिजली की दुपटीच्या वर जाते.

आता कापड. सगळ्या साड्या, शर्ट बाहेर काढा आणि एकेक उजेडासमोर धरा. विरलेली जागा लगेच कळते. लुगडं, साडी बसण्याच्या जागी आणि खालच्या काठाशी झिजते, पदराकडचा भाग बहुतेक चांगला राहतो. शर्ट कॉलरला आणि खांद्यामागे विरतो, पुढचे दोन पल्ले खालच्या बाजूला धड असतात. दोन्ही हातांनी धरून हलकेच ताणा. धागे सरकले किंवा चर्र आवाज आला तर तो भाग वरच्या थराला घेऊ नका, आत घाला. आतल्या थराला मऊ, विरलेलं सुतीच चांगलं, कारण सुई सहज जाते आणि ऊबही मिळते. आपल्या आज्या लुगड्याचा विरलेला मधला भाग काढून चांगले तुकडे जोडायच्या, त्याला दंड घालणं म्हणायचे. अशी दंड घातलेली लुगडी तुमच्याकडे निघाली तर जोडाची शिवण उसवून मग वापरा, नाहीतर ती जाड शिवण सुईला अडते.

शेजारी शेजारी येणारे तुकडे एकाच ताकदीचे हवेत, हे माझ्या मते रंगापेक्षा महत्त्वाचं आहे. नव्या जाड पॉपलिनच्या शेजारी विरलेली वॉयल लावली की धुताना सगळा ताण वॉयलवर येतो आणि शिवणीच्या कडेने ती फाटते. जीन्सचे तुकडे सुती साडीत मिसळू नयेत, ते याच कारणाने. जीन्सची करायची तर सगळी जीन्सचीच करा. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड गावच्या बायका शेतात वापरून झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. त्यांचं मोठं प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरलं. जे कापड हाताशी होतं त्याच्याच ताकदीने त्यांनी मांडणी केली, म्हणून त्यातल्या रुंद पट्ट्या एवढ्या देखण्या दिसतात.

सुती कुठलं आणि टेरिकॉट, पॉलिस्टर कुठलं, हे हाताला कळत नसेल तर कडेचा एक धागा ओढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख भुरभुरीत पडते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. वरच्या थराला दोन्हींची सरमिसळ केली की सुती आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात चुण्या पडतात. नवं कापड विकत घेणार असाल तर ते कापायच्या आधी धुवा. खळ निघते, जे आटायचं ते आटतं. सांगलीकडे विट्याला किंवा पलीकडे इचलकरंजीला मागावरचं सुती कापड चांगलं मिळतं, पण तेही कोरं शिवू नका.

रंग जातो का ते याच वेळी बघायचं. लाल, जांभळा, काळा, गडद निळा यांच्यावर ओलं पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबा. फडक्याला रंग लागला तर ते कापड रंग जायचा थांबेपर्यंत वेगळं धुवा. थांबतच नसेल तर वाकळीत घेऊ नका, मग ते कितीही आवडतं असो.

एवढं झालं की ढीग आपोआप लहान होतो. आता नक्षीकडे या.

लांबच लांब साड्या धड निघाल्या असतील तर त्यांचे चौकोन का करायचे? रुंद पट्ट्या ठेवा, शिवण कमी, वाकळ टिकाऊ. साधारण सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट, आणि पन्हा पंचेचाळीस इंचांच्या आसपास. तिचे सात सात फुटांचे दोन तुकडे शेजारी जोडले की डबल बेडच्या वाकळीचा एक थर झाला, वर चार फूट कापड उरलं. शर्टांचे छोटे तुकडे असतील तर चौकोन बरे. पाच फूट बाय सात फुटांच्या वाकळीला सहा इंची चौकोन आडवे १० आणि उभे १४, म्हणजे १४० लागतात. शिवणीत चारी बाजूंनी पाव इंच जातो, म्हणून कापताना साडेसहा इंचाचे कापा. आधी पुठ्ठ्याचा एक साचा करून घ्या, त्यावरच सगळे कापा. काठाच्या अरुंद पट्ट्या खूप असतील तर मध्ये एक चौकोन ठेवून भोवती पट्ट्या फिरवत नेणारी नक्षी करा. नेटवर तिला लॉग केबिन म्हणतात आणि इरकलीच्या काठांना ती फार शोभते. त्रिकोण पहिल्या वाकळीत टाळा. तिरपं कापलेलं कापड ताणतं आणि कोपरे जुळत नाहीत.

मोठ्या फुलांचं छापील कापड मोठ्या तुकड्यातच ठेवा. लहान चौकोनात अर्धं पान, अर्धी पाकळी येते आणि नुसता गोंधळ दिसतो. बारीक बुट्टी कुठेही चालते. रेघा आणि चौकडी असेल तर कापड ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, धरून सरळ कापा, जरा जरी वाकडी गेली तरी डोळ्याला खुपते.

रंगांची मांडणी कशी करते ते एका वाकळीवरून सांगते. खटावच्या एका ताईंनी आईची हिरवी इरकल आणि वडिलांचे पांढरे सदरे दिले होते. इरकलीचा लाल पदर मध्ये अख्खा ठेवायचा, कापायचा नाही, एवढीच त्यांची अट. मी पदर मध्ये अंथरला, भोवती हिरवे चौकोन मांडले. नुसत्या डोळ्यांना झकास दिसत होतं. मग मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा केला, तर पदर दिसेचना! लाल आणि हिरवा दोन्ही एकाच गडदपणाचे होते, फोटोत सगळं एकसारखं करडं. लांबून बघणाऱ्याला, संध्याकाळच्या उजेडात, ती वाकळ तशीच मिचमिची दिसली असती. म्हणून पदराभोवती सदऱ्याची पांढरी ओळ फिरवली आणि मग हिरवे चौकोन लावले. पदर एकदम उठून आला. सदऱ्यांचीही एक गंमत झाली. घरात ट्यूबलाइटखाली ते सगळे सारखे पांढरे वाटत होते, अंगणात नेल्यावर एक पिवळट निघाला. तो आतल्या थरात गेला. तर मांडणी उन्हात करा, फोटो काळा-पांढरा करून बघा, आणि फिकं, मध्यम, गडद अशा तिन्ही गोष्टी आहेत का ते तपासा. रंग किती आहेत ते दुय्यम आहे.

मांडणी करताना टाक्याचाही विचार आताच करा, कारण धावदोरा हीसुद्धा नक्षीच असते. कडेपासून सुरू करून गोल गोल आत येत मध्यावर संपवणार असाल तर मधोमध काहीतरी ठेवलेली मांडणी शोभते. सरळ उभ्या ओळी घालणार असाल तर पट्ट्या घ्या. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजाच्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासून आत शिवत नेतात, तुकडे एकेक करून लावत जातात आणि चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी लावतात, तिला फुला म्हणतात. कागदावर नकाशा काढून कुणी बसत नाही. तुम्हालाही सगळं आधीच ठरलं पाहिजे असं वाटत असेल तर ते ओझं घेऊ नका. अस्तर गडद किंवा बारीक छापाचं घ्या, मळ दिसत नाही. दोरा सुती घ्या. नायलॉनचा दोरा न तुटता जुनं कापडच कापतो.

राहिला जरीचा आणि सिल्कचा प्रश्न. रोज पांघरायच्या वाकळीत घेऊ नका. जर अंगाला टोचते, धुण्यात काळवंडते, आणि रेशीम घामाने आणि उन्हाने लवकर चिरतं. पण आईची साडी सोडवत नाही हेही समजतं, मला भेटणाऱ्या बहुतेकांचं तिथेच अडतं. अशा वेळी दोन वाटा आहेत. जरीचे काठ सोडवून ठेवा आणि त्यांची वेगळी, दिवाणावर नुसती अंथरायची छोटी चौघडी करा, ती ड्राय क्लीनला द्या. किंवा रेशमी कापडाचा बिनजरीचा अंगभाग चांगला असेल तर तेवढाच घ्या, मागे मलमलचा तुकडा टाचून तो वाकळीच्या पायाकडच्या ओळीत लावा. डोक्याकडे नको, तिथे तेल, घाम लागतो आणि धुणंही जास्त होतं.