कादंबरी छापून येतेय, नोकरी सोडू का?

प्रश्न: मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. एका प्रकाशकाने माझी पहिली कादंबरी स्वीकारली आहे. करारात १० टक्के रॉयल्टी लिहिली आहे आणि 'सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे' असंही. आता पूर्णवेळ लिहावं असं वाटतं. घरचे म्हणतात, लिहून पोट भरत नाही. काय करू?
– एक वाचक, कराड

उत्तर: कादंबरी स्वीकारली गेली, याचा मनापासून आनंद झाला. पण तास इतक्यात सोडू नका. पहिल्या कादंबरीची आवृत्ती साधारण हजार प्रतींची, कधी त्याहूनही लहान. किंमत ३०० रुपये धरली तर प्रतीमागे तुम्हाला ३० रुपये. सगळ्या प्रती खपल्या तरी ३०,०००, आणि त्या खपायला दोन-तीन वर्षं सहज जातात. तासिकेचे पैसेही रखडतात, ठाऊक आहे मला. तरी ते येतात.

मी अनेक वर्षं लिहूनच घर चालवते आहे. घरभाडं अनुवादांवर निघतं. मालिकेचे संवाद लिहिले तेव्हा डोक्यावरचं कर्ज फिटलं. दिवाळी अंकांच्या मानधनात फार तर सणाचा किराणा येतो. या कामांमुळे सकाळचे दोन तास माझ्या कथांसाठी मोकळे राहतात, आणि त्या वेळेत मी दुसरं काही घेत नाही. तुम्हीही अनुवादापासून सुरुवात करा. दर मूळ मजकुराच्या शब्दांवर ठरवा. मराठीत विभक्ती प्रत्यय शब्दालाच चिकटत असल्याने इंग्रजीपेक्षा शब्द बरेच कमी भरतात आणि तेवढं बिल घटतं. मानधनातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा प्राप्तिकर) कापला गेला असेल आणि तुमचा कर तेवढा होत नसेल, तर विवरणपत्र भरून परतावा घ्या. अनेकजण ते पैसे तसेच सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं.

आता करार. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच दिले असं धरलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. म्हणजे काहीच लिहिलं नसतं तर कायदा तुमच्या बाजूने उभा राहिला असता. 'कायमस्वरूपी' हा शब्द आला की ते संरक्षण गेलं. तो खोडून घ्या आणि त्या जागी लिहा: 'मराठी छापील पुस्तकाचे हक्क, पाच वर्षांसाठी'. ई-बुक, ऑडिओबुक, अनुवाद, चित्रपट आणि मालिका यांचे हक्क लेखकाकडे राहतील, असं नावानिशी नमूद करा. कादंबरीवर उद्या कुणी मालिका काढली तर त्या एका व्यवहारात छापील पुस्तकाच्या कितीतरी पट पैसे मिळू शकतात. रॉयल्टी छापील किमतीवर आहे की विक्रेत्याची सूट वजा जाता उरलेल्या रकमेवर, हेही विचारा. वर्षातून एकदा विक्रीचा लेखी हिशोब मिळेल, हे कलम हवंच.

पहिल्याच पुस्तकाला एवढं मागायचं म्हणजे संकोच वाटेल. प्रकाशकही त्यात पैसे घालतो आहे, तेव्हा १० टक्क्यांवर घासाघीस करत बसू नका. पहिल्या आवृत्तीला तो दर ठीक आहे. हक्कांच्या मुदतीवर मात्र ठाम राहा. फोनवर बोलणं झालं तरी बदल पत्राने किंवा ई-मेलने कळवा. ते करारात उतरले की दोन प्रतींवर, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्या आणि एक मूळ प्रत घरी ठेवा.